नागपूरच्या थंडीत कंपनीची गाडी: ड्रायव्हरसाठी दिवाळी ते होळीचं काम

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पहाटे ज्यांनी गाडी काढली, त्यांना ती थंडी आठवत असेल. पारा ३.५ अंशांवर उतरला होता. बुटीबोरीच्या आमच्या यार्डातून पहिल्या पाळीची माणसं आणायला निघणाऱ्या पाच गाड्या त्या दिवशी जागेवरून हलल्या नाहीत. एकामागून एक फोन, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: "साहेब, गाडी सेल्फ घेऊन नाही राहिली." एका गाडीवरून दुसरीला केबल लावत सगळ्या चालू केल्या, पण पाळी पाऊण तास उशिरा सुरू झाली.

दुपारी रजिस्टर उघडून बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पाचही गाड्या पत्र्याच्या शेडबाहेर उभ्या राहणाऱ्या होत्या. शेडखालच्या एकीनंही त्रास दिला नव्हता. थंडी तर दोन्हीकडे सारखीच होती. फरक मे महिन्याचा होता. शेडबाहेरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांनी दोन-तीन उन्हाळे ४५ अंशांच्या उन्हात काढले होते. उष्णतेनं बॅटरीच्या प्लेटा आतून झिजतात, पाणी उडतं. पण उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं म्हणून ते कळत नाही. डिसेंबरात ऑइल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो, आणि त्याच वेळी बॅटरीची ताकदही थंडीनं घटलेली असते.

तेव्हापासून मी आमच्या ड्रायव्हर भावांना हेच सांगत आलो आहे की नागपुरात हिवाळ्याची तयारी म्हणजे उन्हाळ्यानं काय काय खाल्लं ते शोधणं. मोबाईलवर मनाली-लडाखकडचे व्हिडिओ पाहून डिझेलमध्ये औषध टाकू नका. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात हिवाळ्यासाठी, थंडीत डिझेल घट्ट होऊन फिल्टर तुंबण्याचं तापमान जास्तीत जास्त ६ अंश ठरवलेलं आहे, आणि नागपुरात पारा त्याखाली क्वचितच जातो, तोही पहाटेपुरता. डिझेलच्या टाकीखाली शेकोटी तर कधीच नको. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत: बॅटरी

दिवाळीत कंपनी तीन-चार दिवस बंद असते. गाडी उभी असते, घाई नसते. मोठी तपासणी तेव्हाच उरकून घ्या.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चावी लावण्याआधी, मल्टिमीटरनं व्होल्टेज बघा. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. १२ च्या खाली गेली असेल तर चार्जिंगला लावा. मग एकाला सेल्फ मारायला सांगा आणि काटा बघत राहा. सेल्फ फिरताना व्होल्टेज खाली येणारच, पण ते ९.६ च्या खाली जात असेल तर ती बॅटरी जानेवारी काढणार नाही. आत्ताच सुपरवायझरला सांगा. शेवटी गाडी चालू ठेवून पुन्हा बघा: साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. कमी दिसलं तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा बेल्टचा असू शकतो, आणि मग नवीन बॅटरी टाकूनही महिन्याभरात तेच रडगाणं. नव्या काही गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, तिथं आकडा वरखाली होतो. त्यांची तपासणी वर्कशॉपमध्येच करून घ्या.

मल्टिमीटर तीनशे-चारशे रुपयांत मिळतो. वीस गाड्यांच्या यार्डात तो एक तरी असायलाच हवा, आणि तो ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवायची वस्तू नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह केबल काढा, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं करा, लावताना आधी लाल, मग काळी. वरून व्हॅसलिनचा पातळ हात. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा. बोअरचं किंवा नळाचं पाणी नको. बॅटरी पट्टीनं घट्ट बांधलेली आहे ना, तेही हलवून बघा.

एवढं करूनही एखादी सकाळ दगा देईलच, तेव्हा केबल लावायचा क्रम पाठ असू द्या. पहिली लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून हा क्रम. काढताना बरोबर उलटं. आणि दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या सारख्याच व्होल्टच्या हव्यात. बऱ्याच ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात. तिथून जीपला केबल लावली तर पंधरा सेकंदांत हजारोंचं इलेक्ट्रॉनिक्स जळतं.

रबर आणि हवा

उन्हाळा दुसरं काय खातो तर रबर. वायपरची पट्टी बोटांत धरून वाकवा. कडक झाली असेल, कडा चिरल्या असतील तर बदला. पावसाळ्यात ती कशीबशी चालून गेली असेल, पण पहाटेच्या दवात ती काच पुसत नाही, नुसता पांढरा पडदा ओढते. फॅन बेल्ट उलटा करून आतल्या बाजूला भेगा बघा. रेडिएटरचे पाइप इंजिन थंड असताना दाबा: भुसभुशीत लागला किंवा दाबताना चरचरला तर तो आतून गेलेला आहे.

टायरचं जरा समजून घेण्यासारखं आहे. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयनं (हे हवेच्या दाबाचं माप) कमी होते. समजा, तुम्ही ऑक्टोबरच्या दुपारी ३५ अंशांत ३५ पीएसआय हवा भरली. डिसेंबरात पहाटे १० अंशांत तोच टायर ३० ते ३१ दाखवेल. पंक्चर नाही, वॉल्व्हही गळत नाही, तरी चार पीएसआय गेले. अशी कमी हवेची गाडी समृद्धी महामार्गावर नेऊन तासन् तास पळवली तर टायरची बाजू वाकत राहते, तापते आणि फाटते. शिवमडक्याला समृद्धीवर चढण्याआधी हवा बघणं हा आमच्याकडे नियम आहे. हवा नेहमी थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याएवढी. गरम टायरमधून "जास्त झाली" म्हणून हवा सोडू नका.

स्टेपनी विसरू नका. खाली उतरवा, हवा भरा, आणि जॅक, पाना, टॉमी गाडीत आहे की कुणाच्या घरी गेली आहे, ते बघा.

कूलंटबद्दल एवढंच: ते थंडीपेक्षा आपल्या उन्हाळ्यासाठी जास्त गरजेचं आहे, कारण त्यानं उकळबिंदू वर जातो आणि गंज धरत नाही. मे महिन्यात रस्त्यात साधं पाणी टाकून वेळ मारून नेली असेल, तर दिवाळीत ते काढून कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात नवं भरून घ्या. बोअरच्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. गरम इंजिनवर झाकण उघडायचं नाही, हे जुन्या ड्रायव्हरलाही दर वर्षी सांगावं लागतं.

पहाटेची दहा मिनिटं

पाच वाजता गाडी काढायची असेल तर पावणेपाचला पोचा. पहिलं काम बोनेटवर दोनदा हात आपटण्याचं. थंडीत गरम इंजिनच्या आसऱ्याला मांजरं, कुत्र्याची पिल्लं येऊन बसतात. एकदा आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या चाकाला टेकून चार पिल्लं झोपली होती, आई बाजूला. ड्रायव्हरनं वाकून बघितलं म्हणून वाचली. उंदीर वायरचं प्लास्टिक कुरतडतात. बोनेट उघडल्यावर लेंड्या किंवा कापसाचं घरटं दिसलं तर सेल्फ मारण्याआधी वायरी तपासा.

गाडीखाली टॉर्च मारून जमीन बघा. रात्रीतून पडलेला थेंब खूप काही सांगतो. काळा असेल तर ऑइल, हिरवा-लाल आणि गोडूस वासाचा असेल तर कूलंट, बोटाला बुळबुळीत आणि चाकाजवळ असेल तर ब्रेक ऑइल, आणि असं असेल तर गाडी काढायचीच नाही. मग डिपस्टिक. गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड. पुसून पुन्हा घाला, दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या पुढे भरणंही वाईटच. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे, तिथंच थांबा.

डिझेल गाडीला चावी फिरवून डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबा. दोन-चार सेकंद लागतात, पण ग्लो प्लग तापले की एका सेल्फात गाडी लागते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट सोडा. चालू झाल्यावर रेस करू नका. थंड ऑइल टर्बोपर्यंत (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत) पोचायला वेळ लागतो आणि टर्बो तेवढ्यात कोरडा फिरतो. दुसरीकडे, पंधरा मिनिटं नुसती गाडी चालू ठेवून चहा पिणंही चुकीचं: त्यात इंजिन नीट तापत नाही, डिझेल मात्र जातं. अर्धा ते एक मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा.

बस आणि ट्रकवाल्यांनी एअर ब्रेकच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं. थंडीत टाकीत दव धरतं. आणि हवेच्या दाबाचे दोन्ही काटे लाल पट्ट्यातून वर येईपर्यंत गिअर टाकायचा नाही, मागे कुणी कितीही हॉर्न वाजवो.

काच आतून धुकट झाली तर फडक्यानं पुसत बसू नका. एसी चालू, तापमान गरमवर, हवा काचेकडे. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून थंडीतही तो लागतो. बाहेरच्या दवावर मात्र गरम पाणी ओतायचं नाही, काच तडकते.

पंपावर

डिझेल पहाटे भरलं की घट्ट असतं आणि जास्त मिळतं, असं मला माझ्या पहिल्या उस्तादानं सांगितलं होतं आणि मी ते कित्येक वर्षं पाळलं. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. फरक पैशात मोजण्याएवढाही पडत नाही. माप मारू नये म्हणून १०० ऐवजी ११० रुपयांचं भरण्यातही काही नाही.

आपल्या गाडीसाठी टाकी संध्याकाळी, उभी करण्याआधी भरणं चांगलं. नागपूरच्या हिवाळ्यात दुपारी २८-२९ आणि पहाटे १०-१२ असा फरक असतो. रिकाम्या टाकीतल्या हवेतली वाफ रात्री पत्र्यावर जमते, थेंब होऊन तळाशी जाते. डिझेलमधलं ते पाणी पंप आणि इंजेक्टर गंजवतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं, म्हणून पेट्रोल गाडीचीही टाकी आठवडाभर तळाला ठेवून उभी करू नका. आमचा नियम असा: काटा अर्ध्याखाली आला की संध्याकाळी भरायची. डिझेल संपेपर्यंत चालवली तर गाडी हवा धरते, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरते, आणि मग अंधारात फिल्टरवरचा हातपंप दाबत बसावं लागतं.

भरताना इंजिन बंद. खाली उतरा आणि झाकणाजवळ उभे राहा; केबिनमध्ये मोबाईल बघत बसू नका. डिझेल की पेट्रोल ते तोंडानं मोठ्यानं सांगा, नळीवरचं नाव वाचा, मीटरवर शून्य बघा. नळी आपोआप बंद झाली की थांबा, वर "राऊंड फिगर" नको. पंपाच्या जमिनीतल्या टाकीत टँकर खाली होत असेल तर पुढच्या पंपावर जा, कारण तळाचा गाळ त्या वेळी ढवळलेला असतो.

माप कमी वाटलं तर भांडू नका, पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, आणि त्यात २५ मिलीपेक्षा जास्त तूट चालत नाही. पेट्रोलसाठी फिल्टर पेपरची चाचणी मागायचाही तुम्हाला हक्क आहे. हवा आणि पिण्याचं पाणी फुकट मिळायला हवं.

चुकून डिझेल गाडीत पेट्रोल गेलं तर चावी लावू नका. एकदाही नाही, बाजूला घेण्यासाठीसुद्धा नाही. धक्का मारून बाजूला घ्या, फोन करा. टाकी उपसण्याचा खर्च हजारांत असतो. गाडी चालू केली की तो खूपच वाढतो, कारण पेट्रोलनं पंप आणि इंजेक्टरचं वंगण धुऊन जातं.

पावती थर्मल कागदाची असते, महिन्याभरात पांढरी पडते. तिथंच किलोमीटरच्या काट्यासोबत तिचा फोटो काढा. अ‍ॅव्हरेज काढायची एकच भरवशाची पद्धत: आज फुल, पुढच्या वेळी पुन्हा फुल. मधले ६१२ किलोमीटर आणि दुसऱ्यांदा बसलेलं डिझेल ५१ लिटर, म्हणजे १२ चं अ‍ॅव्हरेज. थंडीत ते थोडं घटतं. अचानक दोनानं घटलं तर आधी टायरची हवा, एअर फिल्टर आणि चिकटलेला ब्रेक बघायचा. ड्रायव्हरवर संशय घेणं हे सुपरवायझरचं पहिलं काम नाही.

युरिया आणि डीपीएफ

बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या बऱ्याच मोठ्या डिझेल गाड्यांत धूर साफ करण्यासाठी डीईएफ लागतं, ज्याला आपण सगळे युरियाच म्हणतो. त्यात ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. ते उणे ११ अंशांना गोठतं, म्हणजे नागपुरात थंडीची काळजी नाही. काळजी आहे ती पुन्हा उन्हाचीच: ३० अंशांच्या वर ठेवलेला डबा महिन्यांमागून महिने खराब होत जातो. मे महिन्यात शेडबाहेर पडून राहिलेला डबा डिसेंबरात वापरू नका.

त्याचं झाकण निळं असतं. आमच्या एका मुलानं अंधारात युरिया डिझेलच्या टाकीत ओतला, गाडी चालू केली आणि यार्डाच्या फाटकापर्यंत नेली. टाकी, पाइप, पंप, इंजेक्टर सगळ्यांत पांढरे खडे झाले. त्यानं अर्ध्या तासात येऊन खरं सांगितलं, म्हणून निदान कारण शोधण्यात दोन दिवस गेले नाहीत. आता युरिया फक्त उजेडात आणि दोघांनी मिळून भरायचा, असं ठरलं आहे.

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्याचा दिवा लागला की गाडी बंद करू नका. हिंगणा ते बुटीबोरी अशा छोट्या, थांबत-थांबत फेऱ्यांत काजळी जळायला पुरेशी उष्णता मिळत नाही, आणि थंडीत तर मुळीच नाही. वर्धा रोडला किंवा आउटर रिंग रोडला गाडी घ्या आणि वीसेक मिनिटं एकसारख्या वेगानं चालवा. दिवा गेला नाही किंवा लुकलुकायला लागला तर वर्कशॉप.

रस्त्यावर

आपल्याकडचं धुकं उत्तरेसारखं दिवसभराचं नसतं, पट्ट्यापट्ट्यानं येतं. कन्हानचा पूल, भंडाऱ्याजवळ वैनगंगा, जबलपूर रोडला देवलापार ते खवासा ही पेंचची जंगलपट्टी, इथं अचानक पांढरी भिंत उभी राहते. लो बीम ठेवा. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांवर येतो. फॉग लाइट असतील तर लावा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळणार की थांबला आहात ते कळत नाही. काहीच दिसत नसेल तर डांबरावर थांबू नका, पूर्ण बाहेर घ्या.

धुक्यापेक्षा मला जास्त भीती वाटते ती कापसाच्या ट्रॉलीची. नोव्हेंबरपासून जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॉल्या काटोल, वर्धा, हिंगणघाटच्या रस्त्यांवर रात्रंदिवस असतात, कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा त्याखाली झाकलेला. संत्र्याच्या गाड्याही त्याच दिवसांत. अंधारात वेग एवढाच ठेवा की हेडलाइटच्या उजेडात गाडी थांबवता येईल.

उमरेड रोडला सकाळी जाणाऱ्यांसाठी एक सूचना. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो, आणि उमरेड नागपूरच्या आग्नेयेलाच आहे. साडेसात-आठला ऊन सरळ डोळ्यांत येतं. काच आतूनही पुसा. आतल्या बाजूला बसलेला धूर-धुळीचा थर उन्हात चमकतो आणि समोरचा सायकलवाला दिसत नाही.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्स, झिरो माइल, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटकडचे रस्ते मोर्चांमुळे बंद होतात. त्या दिवसांत कामगारांना अर्धा तास आधीची वेळ द्या, म्हणजे वेग वाढवून ती वेळ भरून काढावी लागत नाही.

रात्रपाळीत गाडीत झोपायची वेळ आली तर काचा बंद आणि इंजिन चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. कंपनीनं ड्रायव्हरला एक घोंगडी आणि बसायला खोली द्यावी. हा खर्च बॅटरीच्या खर्चाहून कमी आहे. मदतीसाठी ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

गाडी उभी करताना

लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, टर्बो थंड व्हायला एखादा मिनिट द्या. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू आठवड्यातून एकदा, शनिवारी, काचेच्या बाटलीत सोडून बघा. पाणी तळाशी वेगळं दिसतं. दिवे, पंखा, मोबाईलचा चार्जर बंद.

मग लॉगबुक. "गाडी ओके" असं लिहू नका. आमच्याकडची एक चांगली नोंद अशी आहे: "सकाळी सेल्फ दुसऱ्यांदा लागला. डावं मागचं चाक ३० होतं, ३५ केलं. ६० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं." तीन वाक्यं आहेत, पण मिस्त्रीला त्यात बॅटरी, वॉल्व्ह आणि व्हील बॅलन्सिंग अशी तीन कामं मिळाली. अशा नोंदीखाली सुपरवायझरनं त्याच दिवशी सही करून काय केलं ते लिहायचं, आणि काम झालं नसेल तर का झालं नाही तेही. ती ओळ कोरी राहिली की ड्रायव्हर पुढच्या आठवड्यात पुन्हा "गाडी ओके" लिहायला लागतो.